तुटक रेघ

सावद्याच्या ऑफिसात पंखा दोनवर,
तीनवर ठेवला की पावत्या उडतात.
मार्चचा ताळा यंदा पहिल्यांदा माझ्याकडे
आणि जुळत नाही.
फरक थोडाच, पण हट्टी:
दर खेपेला तेवढाच.

मी एकूण रकमेवर जाऊन उभी राहते,
विचारते, तू कुठून आलीस?
निळे बाण फुटतात.
एक भावाच्या रकान्यात,
एक दांड्याच्या कटतीत,
एक मृगबागेच्या पानावरून उडी मारून
कांदेबागेच्या पानावर, आणि तिथून
तुटक रेघ, टोकाला इवलंसं कोष्टक.
म्हणजे पुढचं दुसऱ्या फाइलीत शोधा.

मुबीन तडवी मागून बघत म्हणतो,
मॅडम, हे तर आमच्या पालकडचं सोयरपण,
कोणीही कोणाचा मामा निघतो.

फाइलीचं नाव: जुने_खरे_अंतिम_२.
लीलाधर फेगडे यांच्या हातची.
निवृत्त होताना अप्पांनी चाव्या दिल्या,
शिक्का दिला, कपाटातलं गुळाचं डबडं दिलं.
हे दिलं नाही.

खाली, जिथे कोणी जात नाही,
दोनशे बाराव्या ओळीत एक रिकामा चौकोन.
रिकामा, आणि त्यातून एकतीस बाण निघतात.
क्लिक केलं. वरच्या पट्टीत उमटलं: ३.५
पांढऱ्यावर पांढऱ्यानं लिहिलेलं.
ना सूत्र, ना मागे कोणी,
वंशावळीतला मूळपुरुष असतो तसा एकटा.

फोन लावला. अप्पा फैजपूरला,
मागे कुकरची शिट्टी.
"सापडलं का वं तुले?"
जणू पाच वर्षं फोनजवळच बसले होते.
"तो काटा खोटं बोले, माय.
साडेतीन किलो कमी दावे, अन् नवा कोनी घेये ना.
म्हनून म्या आकड्यात खरं टाकलं."
पण काटा तर बदलला ना अप्पा,
तुम्ही गेल्यावर वर्षभरात?
शिट्टी थांबली.
"बदलला?"

काट्यानं जागा सोडली,
आकड्याला कोणी कळवलं नाही.
तो आपला रोज मिसळतो आहे बेरजेत,
एकतीस वाटांनी लोकांच्या पासबुकात.

खोडायला बोट नेलं, परत आणलं.
फक्त रंग बदलला, पांढऱ्याचा काळा.
शेजारी लिहिलं: फेगडे, जुना काटा, आजची तारीख.
मग मुबीनला म्हटलं,
वीस किलोची वजनं काढ गोदामातून.
आधी नवा काय बोलतो ते ऐकू.