घर क्रमांक ३१७, मुंढवा

दर सहा महिन्यांनी मी तेच विचारते:
ताप? खोकला? जुलाब?
चूल की गॅस? पाणी नळाचं की बोअरचं?
कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणी नवं राहायला आलं?

उंबऱ्यात गवार मोडत हौसाबाई लोंढे म्हणतात,
"आमचं आमच्यापेक्षा तुलाच जास्त ठाऊक.
मग सांग, नदीला फेस आला की
नातवाला धाप का लागते?"

माझ्या प्रश्नांना फॉर्मात चौकटी आहेत.
त्यांचा प्रश्न मी समासात लिहिते.

ऑफिसात नकाशावर ठिपके लागतात,
नदीकडेनं दाट होत गेलेले,
अंगावर गोवर उठावा तसे.
साहेब म्हणतात, अजून दोन वर्षांचा डेटा हवा.

नातू आत्ता चारचा.
त्याचं वय मी
पेन्सिलीनं लिहिते.