जन्मस्थळ : परदेशीपुरा

तीस वर्षं कुत्र्यांनी मला फाटकाबाहेर ठेवलं.
मल्हारगंज, जिन्सी, पाटनीपुरा,
कुठल्या घरी कुठलं कुत्रं ते रजिस्टरच्या समासात
पेन्सिलीनं लिहून ठेवायचो :
क म्हणजे कुत्रा, क क म्हणजे कडकडून.
कडी वाजवायची, थांबायचं,
कोणी साखळी धरली की आत जाऊन मीटर वाचायचं.
डाव्या पोटरीवर अजून चार दातांची पावती आहे.

हा सापडला नोकरीच्या शेवटच्या महिन्यात,
परदेशीपुऱ्यात, एका जळक्या मीटरपेटीखाली,
मुठीएवढा, थंडीनं आखडलेला.
रंग सराफ्यातल्या तळलेल्या गराडूचा,
म्हणून शर्वाणीनं नाव ठेवलं गराडू.
नाव ठेवलं, बाटलीनं दूध पाजलं, कॉलेज संपवलं
आणि गेली उत्रेख्तला.
हा माझ्याकडे राहिला. तात्पुरता.
चार वर्षं.

आता तिनं बोलावलंय. त्याला.

डॉक्टर नफीसाबाई म्हणाल्या, आधी चिप, मग सुई.
चिपच्या आधीच्या सुया तिकडे धरत नाहीत.
म्हणजे दरवर्षी न चुकता टोचून आणला
तो कोण होता, कोणास ठाऊक.
मानेत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी गेलं,
यंत्र फिरवलं, पंधरा आकडे उजळले.
मी सवयीनं मोठ्यानं वाचले
आणि सवयीनंच विचारलं, मागचं रीडिंग?
बाई हसल्या. मागचं काही नसतं, काका.

त्याचं रक्त त्याच्या आधी परदेशात गेलं,
बर्फाच्या डब्यात, विमानानं.
मी स्वतः नागपूरच्या पुढे गेलेलो नाही.
मग तीन महिने थांबा म्हणाले, आम्ही थांबलो,
ओट्यावर, तो शेव मागत, मी नाही म्हणत
आणि शेवटी देत.

फॉर्मात जात विचारली होती. मी लिहिलं, इंदुरी.
बाईंनी खोडून मिश्र केलं.
जन्मस्थळ, परदेशीपुरा.
दिल्लीच्या एजंटाचा फोन आला,
अंकल, ये कौनसी कंट्री में पड़ता है?
मालक या रकान्यात शर्वाणीचं नाव.
खाली एक बारीक ओळ होती, सोपवणाऱ्याची सही.
ती मी केली, रजिस्टरमध्ये करायचो तशी,
तारखेसकट.

पिंजऱ्याचा नियम असा की जनावराला आत
उभं राहता आलं पाहिजे, आडवं होता आलं पाहिजे,
जागच्या जागी पूर्ण वळता आलं पाहिजे.
चांगला नियम आहे. आमच्या ऑफिसला कोणी लावला नव्हता.
गराडू आठवडाभर मान लांबवून आतली भाकरी खायचा
आणि मागचे पाय बाहेर ठेवायचा.
बाबा, शर्वाणी म्हणाली, तुमचं न धुतलेलं काहीतरी ठेवा आत.
कपाटात शेवटच्या दिवसाचा खाकी सदरा होता,
का कोण जाणे, तसाच ठेवलेला.
ज्या खाकीवर अर्धं शहर भुंकलं
तिच्यात नाक खुपसून हा घोरायला लागला.
सदऱ्याला व्हिसा लागत नाही.

त्याला बस मराठीत कळतं, हट हिंदीत,
आणि शेवेची पुडी कुठल्याही भाषेत.
तिला तरी घरात मराठीत रागवायला कोणी होईल.
फोनवर परवा तिला कडी हा शब्द आठवेना,
ते काय हो बाबा, फाटकाचं, खणखण वाजतं ते.

पहाटे चारला गाडी आली.
देवासचा पोरगा होता, दुर्गेश नावाचा,
गुपचूप पिंजरा उचलला, पाण्याची वाटी भरली.
गराडू भुंकला नाही.
आतल्या आत एकदा पूर्ण वळला, नियमाप्रमाणे,
आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

गाडी नाक्यावरून दिसेनाशी झाली
तरी थोडा वेळ रस्त्यातच उभा होतो.
सफाईची गाडी आली तेव्हा बाजूला झालो.
मग घरापर्यंत आलो,
स्वतःच्याच फाटकाची कडी वाजवली
आणि थांबलो.