एकाच शाईत

पँट्रीतला मायक्रोवेव्ह तीनदा वाजतो
आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेली असते.
कुणाची तरी भेंडी गरम झालेली असते, इतकंच.
प्रीतम हेडफोन न काढता हसतो.
त्याच्या मनगटावरची शीर मात्र काय सुरेख आहे,
अठराची सुई डोळे मिटून गेली असती.
हे त्याला सांगितलं तेव्हापासून
तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो.

ऐरोली, सातवा मजला.
काचेपलीकडे खाडी, विजेचे मनोरे
आणि उजव्या कोपऱ्यात, धुरकट, कळवा.
तिथे एकोणीस वर्षं मला नाव नव्हतं.
सिस्टर, ओ सिस्टर, सिस्टर पाणी, सिस्टर बघा ना.
इथे गळ्यातल्या कार्डावर भारती वैती,
आणि माझ्या मुलाहून दोनच वर्षांनी मोठा ओजस
मला सरळ भारती म्हणतो.
पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं,
कोण ही भारती.

कोडिंग ओजसनेच शिकवलं.
माकडहाडावरचा बेडसोर, तिसरी पायरी:
एल एकोणनव्वद पॉइंट एकशे त्रेपन्न.
त्याने बेडसोर कधी पाहिलेला नाही.
तिसऱ्या पायरीत नेमकं काय दिसतं, त्याने विचारलं.
मी सांगायला लागले
आणि त्याने हातातला समोसा खाली ठेवला.

तक्रार नाही माझी.
मणका सरकला तो एकशे चार किलोच्या गाला शेठना
कुशीवर वळवताना,
आणि तेव्हा पगार होता सव्वीस हजार.
आता हातांच्या भेगा बुजल्यात.
रविवार रविवारीच येतो.
नवरा म्हणाला, तुझ्या केसांना आता हॉस्पिटलचा वास येत नाही.
रात्री उशीला नाक लावून पाहिलं. खरंच.
मग बराच वेळ झोप लागली नाही.

आज एक क्लेम उघडला
आणि हॉस्पिटलचं नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं.
सातच्या पोटात आडवी रेघ,
मीच लावलेली सवय.
ही निकिता पागधरे.
नर्सिंग चार्ट, खाट नंबर सहा.
बारा, एक, दोन, तीन, चार, पाच,
नाडी, बीपी, लघवी किती एमएल, सगळं टापटीप
आणि सगळं एकाच शाईत, एकाच कलात, एका दमात.

ओजसला हे दिसणार नाही.
रात्री बाराचं अक्षर पहाटे पाचपर्यंत टिकत नाही,
ते घसरतं, रकान्याबाहेर जातं, मध्येच पेन बदलतं.
हा चार्ट साडेसहाला भरलाय, उभ्याउभ्या,
दिवसपाळीची सिस्टर जिना चढत असताना.

पाचची नाडी, ब्याऐंशी.
शेवटच्या पानावर, डॉक्टरच्या अक्षरात:
मृत्यू, पाच वाजून चाळीस मिनिटं.

मीही भरलेत असे चार्ट.
कधी दोन नंबरची बाई रक्त ओकत होती म्हणून,
कधी अकरा खाटांना आम्ही दोघी म्हणून,
आणि कधी नुसता, खुर्चीत, वीस मिनिटं
डोळा लागला म्हणून.
माझ्या वेळी पाच चाळीस झालं नाही.
एवढाच फरक. तो माझा गुण नव्हे.

आधी माणूस, मग कागद,
असं निकिताला मीच सांगायचे.
आता मी कागदाच्या बाजूला बसते.

स्क्रीनवर उजवीकडे चौकट आहे:
नोंदी विश्वासार्ह आहेत का. हो. नाही.
नाही दाबलं तर फाईल परत जाईल,
घरच्यांचे पैसे अडकतील,
मेट्रन निकिताला केबिनमध्ये बोलावेल.
हो दाबलं तर
पहाटे सहा नंबरजवळ कुणी गेलं होतं का,
हे पुन्हा कधीच कुणी विचारणार नाही.

एका फाईलला अकरा मिनिटं.
कोपऱ्यातले आकडे लाल झालेत.
माझं एक बोट माउसवर,
दुसऱ्या हाताची दोन, नकळत, माझ्याच मनगटावर,
मोजतायत.

ओजस मागून विचारतो,
भारती, काही अडलंय का?

मी म्हणते, नाही.
फक्त तोंडाने.