हजेरी

सहा आठवडे नुसतं पाणी सांभाळलं.
बादलीत मीठ मोजून विरघळवलं,
क्षाराचा काटा पस्तिसावर आणला.
ही म्हणाली, समुद्र काय कमी आहे मुंबईला,
की विक्रोळीत दुसऱ्या मजल्यावर आणखी एक हवा?
मी म्हटलं, त्या समुद्राला मी ओळखतो.
बत्तीस वर्षं त्याच्या काठचं उचलत होतो.

अमोनिया चढला, उतरला.
मग काचेवर, वाळूवर, महागड्या दगडावर
तपकिरी साय धरली,
चहाच्या पातेल्याला धरते तशी.
मुनाफ फोनवर म्हणाला,
अब टाइम हुआ चाचा, सफाईवाले डालो.

कुर्ल्याला त्याच्या दुकानात
निळ्या ट्रेमध्ये सगळे चिकटून बसलेले.
मी चष्मा लावला. सवयीनं खिशातलं पेन काढलं.
कोणाला कुठली गल्ली द्यायची
हे माणूस बघितल्याशिवाय ठरवू नये.

टर्बो गोगलगाय अंगानं दांडगी,
एका रात्रीत काच लख्ख करील.
पण उताणी पडली
तर आपली आपण सुलटी होत नाही.
किती वेळ राहते तशी?
मरेपर्यंत, मुनाफ म्हणाला,
कोणी बघितलं नाही तर.

नासारियस दिवसभर वाळूत,
वर फक्त नळीएवढं नाक.
वास आला की उठतात.
मला आमची रात्रपाळी आठवली:
साडेदहाला चौकीत चिटपाखरू नाही,
आणि मासळीबाजाराची गाडी लागली
की कुठून कुठून येऊन उभे.

हर्मिट खेकडे स्वस्त. दहावर दोन फुकट.
चालतात गमतीत, पोरं खूश होतात.
पण अंग वाढलं की यांना मोठं घर लागतं,
रिकामं नसलं तर शंखातल्या गोगलगायीलाच
ओढून काढतात, खातात,
आणि त्याच रात्री राहायला जातात.
मी हसलो. मुनाफला कळेना.
त्याला कसं सांगू,
दिनकर गेला तेव्हा तेरावं व्हायच्या आत
नवा माणूस क्वार्टरच्या दारात उभा होता,
हातात ऑर्डर, मागे बायको, तिच्या काखेत
दोन महिन्यांचं पोर.
तोही खोटा नव्हता.
नको म्हटलं खेकडे.
मग म्हटलं, दोन दे.
आणि रिकामे शंख दे सहा, जरा मोठे बघून.

दोनशे लिटरला पन्नास तरी लागतील, तो म्हणाला.
एवढे खातील काय, हा थर संपल्यावर?
त्यानं खांदे उडवले.
मर गये तो नये ले जाना.
हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय,
कंत्राटदाराच्या तोंडून, पानासकट.
बारा घेतले.
तीन टर्बो, पाच नासारियस, दोन ट्रोकस, दोन ते.
पैसे पूर्ण दिले, घासाघीस केली नाही.

घरी पिशव्या डब्यात रिकाम्या केल्या,
बारीक नळीला गाठ मारली,
थेंब थेंब आमचं पाणी त्यांच्या पाण्यात.
दोन तास. घाई केली तर दचकून मरतात.

रात्री दोनला उठलो.
टॉर्चला लाल कागद लावून बघितलं.
कोपऱ्यात एक टर्बो उताणी,
पाऊल हवेत, म्हणजे पाण्यात,
काही धरायला शोधत होतं.

भांडुपच्या चेंबरमध्ये रघुनाथ उतरला
तेव्हा दोरी माझ्या हातात होती.
दोनदा ओढली की वर घ्यायचं, असं ठरलं होतं.
एकदाच ओढली गेली.
मी दुसऱ्यांदाची वाट बघितली.

बाही न सारताच हात कोपरापर्यंत घातला.
तिला सुलटी केली, काचेला टेकवली,
धरेपर्यंत बोट काढलं नाही.

मग मोजले.
अकरा.
पुन्हा मोजले. अकराच.
बारावा वाळूत असेल.
आतून हिनं विचारलं, झोपणार आहात का?
तू झोप, म्हटलं,
आणि स्टूल ओढून बसलो.