बहिरी

सोदान्क्यलाच्या उत्तरेला रस्ता संपतो, मग फळ्या संपतात,
मग नुसती दलदल, गुडघ्याएवढी,
आणि पुढे हिल्का, ऐंशीला टेकलेली,
काठीनं ठाव घेत.
रात्रीचे अकरा. ऊन तसंच,
घरी जायचं विसरलेल्या पाहुण्यासारखं.
डास इतके, की बोलायला तोंड उघडलं तर घासच होतो.

इथे कडा नाही, कपार नाही.
जगभर कड्यांवर राहणारा हा पक्षी
इथे सपाट जमिनीवर संसार मांडतो :
शेवाळाच्या उंचवट्यावर एक खळगा,
छातीनं दाबून केलेला. काडीसुद्धा आणत नाही.
भोवतालचं पाणी हाच त्याचा कडा.
कोल्ह्याला पाय भिजवायचा कंटाळा, हिल्का म्हणते.
आणि पलीकडेच, हाकेच्या अंतरावर,
चिखलपक्षी बिनघोर अंडी उबवतात,
कारण ससाणा दाराशी शिकार करत नाही
आणि कावळ्याला फिरकू देत नाही.

हिल्का थांबते, वळते, बघते
माझ्याकडे. आभाळाकडे नाही.
"ओरडतेय का?"

ओरडतेय. कॅक् कॅक् कॅक् कॅक्,
गंजलेल्या बिजागरीवर कुणी दार आपटतंय जसं.
मी मान हलवते.
तिचा चेहरा सैल पडतो.

तीस वर्षं या भागात टपाल वाटलं तिनं,
स्नोमोबाइलच्या इंजिनानं कान नेले.
आता ती पक्षीण
माणसांच्या तोंडावरून ऐकते.

वहीत लिहून मी तिला सांगते :
तुमच्या भाषेत हा 'मुत्तोहौक्का', वाटसरू ससाणा.
आमच्याकडे हिला 'बहिरी' म्हणतात.
नाव लांबून, समुद्रावरून आलंय,
पण आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ
कानांनी गेलेली.
हिल्का वाचते. खो खो हसते, डास गिळते, खोकते.
"म्हणजे आम्ही दोघी!"

मग खिशातून डबी काढते,
ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची, झाकण चेपलेली.
आत कापूस, कापसात टरफलाचा तुकडा,
विटकरी ठिपक्यांचा, सिगारेटच्या कागदाइतका.
बहात्तर साल.
दक्षिणेतल्या शेतांवर फवारलेलं औषध
किड्यांतून चिमण्यांत, चिमण्यांतून तिच्यात,
आणि तिच्यातून टरफलात.
आई बसली. बसणं हेच तर तिचं काम.
तिच्याच वजनानं फुटलं.

त्या वर्षी हिल्का अठ्ठावीस दलदली चालली.
कान शाबूत होते तिचे
आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं.

वरून नर येतो, मादीहून बराच लहान,
पंजात एक टिवळा.
ती उडते, हवेतच उलटी होते,
खालून हिसकून घेते. आभार वगैरे नाहीत.
एरवी हाच जीव पंख मिटून
आकाशातून सुटतो, दगडाला लाजवत,
नाकपुडीतल्या हाडाच्या खुंटीनं वारा फोडत,
चोचीला एकच दात, मानेचा मणका तोडायला.
आत्ता मात्र तो
बाजारातून आलेल्या नवऱ्यासारखा
बाजूला, खुंटावर, बसून राहतो.

खळग्यात तीन पिल्लं, पांढऱ्या कापसाची,
उताणी पडून पाय रोखतात आमच्यावर.
हिल्का एकेकाला पिठाच्या पिशवीत तोलते,
आकडे सांगते, मी लिहिते,
पक्कडीनं कडी मिटते. तिच्या अंगठ्यातून रक्त.
"छान," ती म्हणते. चावणाऱ्याला.

चौथं अंडं उबलंच नाही.
सवयीनं ती ते कानाला लावते,
मग हसून माझ्या कानाला.
"काही?"
मी मान हलवते. नाही.
थंड आहे. महिना उलटलाय.

ती नखानं टरफलावर टिचकी मारते,
पुन्हा मारते, बोटाला कळेल अशी.
"जाड आहे," म्हणते, "जाड आहे गं,"
आणि पायातला मोजा काढून
त्यात ते मेलेलं, न फुटलेलं अंडं गुंडाळते,
ओला बूट उघड्या पायावर चढवते
आणि परतीच्या वाटेवर दर थोड्या वेळानं
वळून माझा चेहरा बघते.