चौथा सांधा

बाग घरापासून चारशे बारा पावलांवर.
माझी पावलं. वारुझानची असती तर साडेतीनशे,
पण वारुझान रोस्तोवला असतो,
परक्यांच्या इमारतींत नळ बसवतो,
आणि मार्चमध्ये गेलेला माणूस बर्फ पडल्यावर परततो,
जेव्हा आमच्या एकाही झाडाला तहान नसते.

पाणी सहाला येतं, साडेसातला जातं.
हे ऑफिसचं म्हणणं.
पाण्याचं म्हणणं कधीकधी वेगळं असतं.

मी तोटी सोडते आणि पाइपाला लागून चालू लागते.
पाणी आतून, मी बाहेरून.
आधी कोण पोचेल, काही ठरलेलं नाही.

पहिला तुकडा हिरवा, दुकानातला,
पैसे देऊन घेतलेला तेवढा एकच.
दुसरा काळा, जुन्या सामुदायिक गोठ्यातला;
ऊन चढलं की त्याला अजून आंबूस दुधाचा वास येतो.
लेक म्हणते, येत नाही. तिने तो गोठा पाहिला नाही.
तिसरा लाल, कापडी, आगीच्या बंबाचा.
तो घरी कसा आला, हे मी विचारलं नाही
आणि वारुझानने सांगितलं नाही.

सांधे सायकलच्या ट्यूबचे, वर तार.
त्याने बांधलेले लगेच ओळखू येतात:
तीन वेढे, आणि तारेचं टोक आत वळवलेलं,
कुणाच्या पायाला ओरखडा नको म्हणून.
माझे म्हणजे गाठीवर गाठ,
रागात घातलेली वेणी.

चौथा सांधा सिरवर्दच्या अंगणात.
तिचं-माझं बोलणं अकरा वर्षं बंद आहे,
बांधावरच्या तुतीपायी.
तुती पडली त्यालाही सहा वर्षं झाली,
भांडण उभं आहे.

पाइप टाकला त्या वर्षी ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.
एके सकाळी कुंपणाला भोक दिसलं,
आणि त्याच्या कडेला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळलेली,
पाइप घासू नये म्हणून.

मी मात्र कुंपणाला वळसा घालते, सत्तर पावलांचा.
पाणी सरळ जातं.
पाण्याचं कुणाशी वाकडं नाही.

जुलैत बागेतली धार करंगळीएवढी झाली.
टोमॅटो माना टाकायला लागले.
मी पाइपाला कान लावत उलटी आले,
गुडघे टेकत, कुत्र्यासारखी,
लाल, मग काळा,
आणि कुंपणाशी थांबले.

चौथ्या सांध्याखाली ओल. ओलीत रेहान,
जांभळा, दाट, गुडघाभर उंच,
पलीकडे टारागॉनचा वाफा.
बाकी सगळं अंगण भाजलेल्या मडक्यासारखं.
सिरवर्द स्टुलावर बसून पानं खुडत होती.
माझ्या खिशात तार होती. ट्यूबचा तुकडाही होता.
तिने वर पाहिलं नाही,
फक्त तिचा हात देठावर थांबला.

मी किती वेळ उभी होते?
बागेत धार पडतच होती, करंगळीएवढी.
मग मी खाकरले, आणि वळशाच्या वाटेने निघून गेले.

मिरचीची शेवटची रांग सोडून दिली.
तशाही त्या मिरच्या तिखटापेक्षा कडूच निघत.

आज पाण्याआधी मी पोचले.
पाइप खोकला, थोडी हवा, एक कोळी,
मग कढत पाणी, दिवसभराचं ऊन प्यालेलं.
ते मी झाडांना देत नाही, मुळं भाजतात.
चपला काढून स्वतःच्या पायांवर घेते,
गार होईपर्यंत. एवढा एक मिनिट माझा.
मग जर्दाळू.

फोन वाजतो. तो कुठल्यातरी बाराव्या मजल्यावर,
कुणाच्यातरी न्हाणीघरात.
हॅलो नाही, काही नाही.
"पोचलं का?"
मी फोन धारेपाशी धरते.
तो ऐकतो. पाण्याचा माणूस आहे, कानाने मोजतो.
"बारीक वाटतंय, वार्सेनिक. सांधा गळतोय का कुठे?"

माझी पावलं ओली आहेत,
आणि वाऱ्यावर रेहानचा वास आहे.

"नाही," मी म्हणते.
"सगळे सांधे धड आहेत."