उदाहरणादाखल

सेलूत, डाळमिलच्या माडीवर
मोईजोद्दीन सरांचा क्लास भरायचा.
खाली तूर भरडली जायची, वर आम्ही.
फळ्यावर खडूपेक्षा टरफलाचीच भुकटी जास्त.

सरांच्या वाक्यात राम कधी आंबा खात नसे.
सरांच्या वाक्यात झरीना.
प्रॉपर नाउन आहे, पहिलं अक्षर मोठं काढा,
झेडला शेपटी नको.
झरीना इट्स बाभूळ लीव्हज.
कर्ता एकटा, म्हणून क्रियापदाला एस.
झरीना इज फास्टर दॅन द मानवत बस.
गिरामाच्या सोपाननं शोध लावला,
सरांची शेळी असणार.
लय हसलो. महिनाभर हसलो.

मग एका बुधवारी
झरीना रोट अ लेटर.

सोपान उभा राहिला. सर, शेळी पत्र लिहायली,
म्हणजे ही चेतनगुणोक्ती का?
सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
"नाही बेटा," म्हणाले, "हा साधा भूतकाळ."

पुढं पास्ट परफेक्ट निघाला.
दोन गोष्टी होऊन गेल्या असतील
तर जी आधी झाली तिला हॅड लावायचं.
द ट्रेन हॅड लेफ्ट बिफोर आय रीच्ड द स्टेशन.
कोणती गाडी, कुणी विचारलं नाही.
तेवढ्यात लाइट गेली, मिल गप झाली,
आणि सर अंधारातच
हॅडखाली रेघ ओढत राहिले.
एकदा. मग पुन्हा एकदा.
(त्या आवाजाला इंग्रजीत काय म्हणतात
ते पुढच्या धड्यात होतं.)

थर्ड कंडिशनल त्यांनी शिकवलाच नाही.
परीक्षेला येत नसतो म्हणाले.
मार्चात आला, चार मार्कांना.
मी लिहिलं, इफ झरीना हॅड,
आणि पुढं किती तरी वेळ पेन चावत बसले.
एक मार्क मिळाला. कशाचा, माहीत नाही.

आता मी पाथरीला शिकवते.
खाली मिल नाही, फरशी स्वच्छ आहे.
साधा वर्तमानकाळ, मी सांगते,
रोजच्या सवयींसाठी,
आणि जे कधीच बदलत नाही त्यासाठी.
मोईज सर डिप्स अ बिस्किट इन टी.
मागच्या बाकावरून एक जण विचारतेच,
बाई, कोण हो हे मोईज सर?

उदाहरण आहे, मी म्हणते.
उतरवून घ्या.
एस विसरू नका.